खिशातली बॅटरी

युरोपात मोबाइलच्या बॅटरीचा कायदा झाला, ही बातमी आपल्याकडे सगळ्यात जास्त कुणी मनावर घेतली असेल तर ती माझ्या वडिलांनी. त्यांचा युरोपशी संबंध एवढाच, की वाळूजच्या कंपनीत ते ज्या मशीनची दुरुस्ती करायचे त्यांतलं एक जर्मनीहून आलेलं होतं, आणि त्याच्याबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. पण एका रविवारी ही बातमी मी त्यांना सहज वाचून दाखवली, तर हातातली कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचली. फोनची आणि टॅब्लेटची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतःला, बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता आणि बदलता आली पाहिजे. असेच फोन बनवणं तिथल्या कंपन्यांना भाग पडणार आहे.

"कवापासून?" दादांनी विचारलं. आम्ही वडिलांना दादा म्हणतो.

"अजून लागू व्हायचाय. आणि तो तिकडं, दादा. आपल्याकडं नाही."

"तिकडं झालं म्हंजे इकडं येतंच. फटफटी बी तिकडूनच आली."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "म्हंजे भावाभावांनी बोलायचं का नाय, ते आता गोऱ्यांनी ठरवायचं. बरं हाय."

दादांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आईचा टोमणा मात्र अगदी खरा होता. दादांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, करमाडजवळच्या आमच्या गावी राहतात, आणि दादांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ते परत सुरू होणार की नाही, हे खरोखरच मोबाइलच्या बॅटरीवर येऊन अडकलं होतं. हा प्रकार कळायचा तर आधी दादांची करंगळी सांगावी लागेल.

दादा कंपनीत मेंटेनन्सला होते. त्यांच्या खात्यात एक रीत होती. मशीन उघडण्याआधी पॅनेलमधला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून गुंडी लावायची. काम झालं की ज्याच्या खिशात फ्यूज, त्यानंच तो आणून परत बसवायचा. दुसऱ्या कुणी शहाणपणा करून नवा फ्यूज आणायचा नाही, मग तो साहेब का असेना. तरुणपणी एकदा दादांनी फ्यूज खिशात न टाकता पॅनेलच्या डोक्यावरच ठेवला. कुणा भल्या माणसाला वाटलं, बसवायचा राहून गेलाय. त्यानं मदत म्हणून बसवून दिला. दादांच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर तिथं गेलं. त्या माणसाला दादा कधी दोष देत नाहीत. विषय निघालाच तर म्हणतात, "कुणाचा हात आत हाय तवर बटण दुसऱ्याच्या ताब्यात नको. फ्यूज माझ्या खिशात पायजे होता."

पुढं घरोघरी मोबाइल आले. मागचं झाकण नखानं निघायचं आणि आत बॅटरी असायची. दादांनी पहिल्यांदा ते झाकण काढलं तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं, की हा मोबाइलचा फ्यूज आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा लागू झाला. युरोपच्या कितीतरी आधी.

घरात काही महत्त्वाचं बोलणं निघालं, मग ते भांडण असो, माझा दहावीचा निकाल असो की कुणाची सोयरीक, दादा तळहात पुढं करायचे. "बॅटऱ्या." सगळ्यांनी आपापल्या बॅटऱ्या काढून त्या तळहातावर ठेवायच्या. त्या त्यांच्या खिशात जायच्या, वरून गुंडी लागायची. फोन नुसता बंद करून चालायचं नाही. "बंद केलेला चालू करता येतो," ते म्हणायचे. मग बोलणं संपेपर्यंत कुणाच्या मावशीचा फोन यायचा नाही, कुणी मधेच उठून गॅलरीत जायचं नाही. भांडण असेल तर ते पुरतं व्हायचं, आणि पुरतं झाल्यामुळे मिटायचं. वैताग यायचा खरा. भांडताना मधेच फोन आला की माणसाला केवढा आधार असतो, हे आमच्या घरात वाढल्याशिवाय कळणार नाही.

माझं लग्नही असंच ठरलं. पाहुणे येऊन बसले, पोहे झाले आणि दादांनी तळहात पुढं केला. मुलाच्या मामांना वाटलं, सुपारी मागताहेत. मग खरं काय ते कळल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी खिसा धरून ठेवला. शेवटी मुलानंच आपली बॅटरी आधी काढून दिली, तेव्हा मामांचा नाइलाज झाला. बोलणी इतक्या लवकर आटोपली, की आईचा दुसरा चहा व्हायचा होता. निघताना मामांनी भलतीच बॅटरी उचलली आणि घरी जाऊन ती बसेना म्हणून आरडाओरडा केला, तो भाग वेगळा. माझा नवरा आजही म्हणतो, त्या दिवशी एखाद्या मित्राला विचारायला फोन चालू असता तर तो वाचला असता.

एका माणसाकडून मात्र दादांना बॅटरी अशी फुकट मिळायची नाही. मोठे काका म्हणायचे, "मी थोरला. माझी बॅटरी तुझ्या खिशात आन तुझी कुठं?" मग त्यांच्यात तडजोड झाली. काकांची बॅटरी दादांच्या खिशात, दादांची काकांच्या. दोघं भाऊ आपापल्या गुंड्या लावून समोरासमोर बसले, की मी आणि आई हसू दाबायला आत जायचो. पण गावाकडच्या शेताचं, विहिरीचं, आजीच्या आजारपणाचं जे काही ठरलं ते सगळं त्या दोन खिशांच्या मधेच ठरलं आणि कधी बिघडलं नाही.

मग बॅटरी न निघणारे फोन आले. आधी माझा, मग आईचा. दादांच्या तळहातावर काही पडेनासं झालं. ते स्वतः आपला बटणांचा जुना फोन धरून राहिले. त्याचं झाकण सैल झालेलं, त्याला रबरबँड. बॅटरी हलू नये म्हणून तिच्याखाली बसच्या तिकिटाची घडी. अधूनमधून ती बॅटरी काढून ते फरशीवर ठेवायचे आणि बोटानं फिरवायचे. गरगर फिरली तर फुगली, नाही फिरली तर ठणठणीत. हे त्यांनी कुठं ऐकलं कोण जाणे, पण आमच्या घरी बॅटरीची तब्येत माणसांच्या आधी पाहिली जायची.

मोठ्या काकांना त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, पुण्याहून नवा मोठा फोन पाठवला. काकांना तो फार आवडला. बैलांच्या शर्यती, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर कसा बाहेर काढला, असले व्हिडिओ ते तासन्‌तास बघायचे. कानानं थोडं कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

तेवढ्यात शेताच्या वाटणीचं निघालं. शेंद्र्याच्या कारखान्यांमुळं आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी जमीन आहे, तेव्हा कागद करून टाकलेले बरे, असं दोघांनाही वाटलं. मी दादांना गाडीनं घेऊन गेले. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात बाज टाकली होती. दोघं बसले. दादांनी तळहात पुढं केला.

"भाऊ, बॅटरी."

काकांनी फोन उलटा केला, पालथा केला. "याची निघत नाय. चिकटवलेली हाय."

"मग बंद कर."

काकांनी बाजूचं बटण दाबलं, तर आवाज मोठा झाला. दुसरं दाबलं, तर फोटो निघाला. त्या फोटोत दादांची नाराज हनुवटी आली आहे. "ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "आता कोण करतंय फोन?"

दादा कुरकुरले, पण बसले. बोलणं छान चाललं होतं. विहीर दोघांची, विहिरीकडं जायची वाट दोघांची. बांधावरच्या आंब्यावर गाडी आली तेव्हा दादा म्हणाले, "आंबा तुझ्याकडं ठेव, भाऊ. मला शहरात काय करायचाय?" तो आंबा दोघांनी मिळून लावलेला. आणि तेव्हाच फोन वाजला.

काकांनी तो घेतला. स्पीकरवर चुलतभावाचा आवाज शेडभर झाला. "अप्पा, सही नाय ना केली अजून? काकाच्या गोड बोलण्याला भुलू नका. शहरातली माणसं हायती, केसानं गळा कापतील."

गोठ्यातल्या वासरानंसुद्धा मान वळवली. काका घाईघाईनं दिसेल ते बटण दाबत होते आणि प्रत्येक वेळी आवाज वाढत होता. "हॅलो, अप्पा, ऐकताय ना?" सगळे ऐकत होते. शेवटी मीच पुढं होऊन फोन कापला. दादा तोवर उठले होते आणि उजव्या पायात डावी चप्पल घालत होते.

"अरं, पोरगं हाय ते. त्याला काय कळतंय?" काका म्हणाले.

"त्याला कळू दे नायतर नको कळू दे," दादा म्हणाले. "हात आत असताना बटण दाबलं गेलं, भाऊ. ज्या दिवशी तुझ्या फोनची बॅटरी निघंल, त्या दिवशी तुझ्यापुढं बसंन. त्याच्या आधी नाय."

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो, पण दादांचं एक वाईट आहे. ते बोललेलं पाळतात.

त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. गावाकडं आम्ही गेलो नाही, तिकडून कुणी आलं नाही. दादा दिवसेंदिवस चिडखोर होत गेले. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि कुणाला विचारतोय हे न दाखवता विचारायचे, "करमाडकडं पाऊस झाला म्हणतेत?" मी म्हणायचे, काकांनाच विचारा. मग ते उठून नळाची तोटी तपासायचे.

इकडं दोघी जावांचं मात्र रोज बोलणं चालू होतं. आई आणि मोठी आई, म्हणजे मोठ्या काकांची बायको. फोन आला की दादा वर्तमानपत्र घेऊन आईच्या शेजारी येऊन बसायचे आणि पहिल्याच पानावर अडकायचे. एकदा तर म्हणाले, "स्पीकरवर टाक की. तुला नीट ऐकू येत नसंल." आई शांतपणे उठली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. तिथं रेंज चांगली असते म्हणे. मला तिचा तो सूड फार आवडायचा.

अशात ही युरोपची बातमी आली. दादांना त्यात आपली सुटका दिसली. शब्द मोडायचा नव्हता आणि भाऊ तर हवा होता, तेव्हा आता कायद्यानंच काकांच्या फोनची बॅटरी सोडवावी, अशी त्यांची अपेक्षा होती. दर रविवारी मी बजाजनगरला माहेरी गेले, की चहाच्या आधी प्रश्न. "त्या कायद्याचं काय झालं?" काही फोनांना त्यातून सूट मिळणार आहे, असं मी वाचून दाखवलं तेव्हा ते असे संतापले, जणू कुणी त्यांच्याच शेताचा बांध कोरला. "सूट कशाला? सूट दिली की संपला कायदा!"

शेवटी ते मला घेऊन पैठण गेटला गेले. मोबाइलची दुकानं एकाला एक लागून. एका दुकानात शिरून त्यांनी सरळ विचारलं, "कायद्याचा फोन आला का?"

दुकानदार घाबरला. त्याला वाटलं, आम्ही कुठल्या खात्याकडून आलो. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो मोकळेपणानं हसला. "चचा, कायदा उधर का, फोन इधर का. बैटरी बदलना है तो मैं गरम करके खोल देता ना."

"तसं नको," दादा म्हणाले. "माझ्या भावाला बसल्या जागी नखानं काढता आली पायजे."

"हौ, तो ये लो." त्यानं बटणांचा एक छोटा फोन काउंटरवर ठेवला. "नाखून से निकलती."

"हा तर माझ्याकडंच हाय." दादांनी तो हातात घेतला, झाकण काढलं, बॅटरी काढली, परत बसवली. मग फोन हळूच त्याच्याकडं सरकवला. "माझा भाऊ बैलांचे व्हिडिओ बघतो. त्याला मोठा पडदा लागतो. त्याचं बघणं बंद पाडून मला बोलायचं नाय."

मी बाहेर लटकवलेली मोबाइलची कव्हरं बघायला लागले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि त्याहून जास्त राग आला होता. या माणसाला भावाशिवाय करमत नाही, भावाची आवडसुद्धा मोडवत नाही, पण स्वतःचं एक वाक्य मागं घेता येत नाही. परतताना गाडीत मी तेच बोलले. "दादा, शब्द मोडा ना. काय होईल?"

"आज हा मोडला तर उद्या भावाला माझा कुठला शब्द खरा वाटंल?" ते म्हणाले. "आन कायदा येतोच हाय."

"तुम्ही दोघं राहाल का तोवर?" माझ्या तोंडून गेलं.

घरी आल्यावर मी पैठण गेटची हकिगत आईला सांगितली आणि आईनं ती त्याच संध्याकाळी गच्चीवरून मोठ्या आईला सांगितली. मी तिथंच दोरीवरचे कपडे काढत होते. आईनं त्यात आपल्या पदरचं बरंच घातलं. तिच्या सांगण्यात दादा दुकानात घळाघळा रडले आणि दुकानदारानं त्यांना पाणी दिलं. थोडी भर घातल्याशिवाय जावांचं बोलणं पुरं होत नाही.

पुढच्याच रविवारी दार वाजलं. मी उघडलं, तर मोठे काका. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. त्या टोकाच्या करमाडहून अख्खं शहर ओलांडून या टोकाच्या बजाजनगरला, दोन बस बदलून आलेले. दादांनी त्यांना पाहिलं आणि मान टीव्हीकडं वळवली. टीव्ही बंद होता.

काका त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी बटणांचा एक नवा कोरा छोटा फोन काढला आणि त्याचं झाकण उघडायला लागले. ते उघडेना. शेतकऱ्याचं जाड नख, त्या बारीक फटीत जाईना. त्यांनी फोन गुडघ्यावर धरला, दाताला लावला. दादा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. कुणी एखादी वस्तू चुकीची उघडताना बघणं हे त्यांना जन्मात जमलेलं नाही. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"खालनं ढकल."

"कुठनं?"

"अंगठा ठेव. दाब आन खाली ढकल."

झाकण उडून सोफ्याखाली गेलं. काकांनी बॅटरी काढली, समोरच्या टेबलावर ठेवली आणि बोटानं टिचकी मारून फिरवायचा प्रयत्न केला. ती फिरली नाही.

"फुगली नाय," काका म्हणाले.

"नवी हाय. कशी फुगंल?"

"निघाली का नाय?"

"निघाली," दादा म्हणाले, आणि वाकून त्यांनी सोफ्याखालचं झाकण काढलं.

मग त्यांनी विचारलं, "आन मोठा फोन?"

"तुझ्या वहिनीला दिला. आता ती परत देत नाय. तिला टीव्हीवरच्या शिरेली सापडल्यात त्याच्यात."

"मग बैल?"

"बैल गोठ्यात हायत की," काका म्हणाले.

दादांनी आपल्या फोनचा रबरबँड काढला. बॅटरीबरोबर तिकिटाची घडीही बाहेर पडली. त्यांनी बॅटरी काकांच्या हातात दिली, काकांची उचलून आपल्या खिशात टाकली आणि गुंडी लावली. काकांनीही लावली. आईनं माझ्याकडं बघून डोळ्यांनीच सांगितलं, तुझा तो फोन घेऊन वर जा. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबले, कारण तिथून सगळं ऐकू येतं.

काका म्हणाले, "पोरगं चुकलं. पण मी तवाच त्याला गप म्हणायला पायजे होतं. ते सोडून मी बटणं शोधत बसलो."

"मी बी उठायला नको होतं," दादा म्हणाले.

"व्हय, नकोच होतं."

"तुला बरंय लगेच व्हय म्हणायला."

मग दोघंही हसले, आणि बऱ्याच वेळानंतर आंब्याचा विषय निघाला. दादा म्हणाले, आंबा तुझ्याकडं. काका म्हणाले, आंबा दोघांचा. त्यावर ते चांगलेच भांडले. फोन नसल्यामुळे ते भांडण पुरतं झालं आणि आंबा दोघांचा ठरला.

काका शेवटची बस गाठायला घाईनं निघाले. ते गेल्यावर दादांनी खिशाला हात लावला. काकांची बॅटरी त्यांच्याच खिशात. आणि त्यांची काकांबरोबर करमाडला.

"थांबा, मी काकांना फोन करते," मी म्हणाले आणि मग आम्ही तिघंही एकमेकांकडं बघत राहिलो.

"बरं, मग उद्या नवी बॅटरी आणून देते."

"नको," दादा म्हणाले. "ज्याच्या खिशात, त्यानंच आणून बसवायची."

आई म्हणाली, "खिशाला गुंडी लावायची आठवण राहती यांना. उघडायची बरी राहत नाय." रात्री मोठ्या आईचा तिच्या मोठ्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. ती सांगत होती, हे आले, खिशावर हात ठेवून बाजेवर बसले आणि आपले आपणच हसताहेत, यांना कुणी काही खायला तर नाही ना घातलं?

पुढच्या रविवारी काका आले, त्यांनी दादांच्या फोनमध्ये बॅटरी बसवली, फोननं आपली धून वाजवली, ती दोघांनी पूर्ण ऐकली. मग बोलायला बसायचं म्हणून बॅटऱ्या परत काढल्या. जाताना काका परत विसरले. तेव्हापासून दादांचा फोन फक्त रविवारी थोडा वेळ चालू असतो, चहा होईपर्यंत. चुलतभाऊ मला पुण्याहून चिडून विचारतो, अप्पांना फोन का लागत नाही? मी सांगते, त्यांची बॅटरी दादांच्या खिशात असते. त्याला ते अजून कळलेलं नाही, आणि आम्हाला कुणालाच समजावून सांगायची घाई नाही.

गेल्या रविवारी मात्र काका आले नाहीत. दादा सकाळपासून ओट्यावर. जेवण झालं, ऊन भिंतीवर चढलं, तरी काका नाहीत. मी म्हणाले, मोठ्या आईला विचारते. तिचा फोन लागेना. दादा उठले, खिशाची गुंडी तपासली आणि म्हणाले, "चल, गाडी काढ. भावाचा फोन बंद हाय. बॅटरी माझ्याकडं हाय."

अख्ख्या शहरातून जाताना त्यांचा हात खिशावर होता. चिकलठाण्याच्या सिग्नलला त्यांचं मन दुसरीकडं वळावं म्हणून मी म्हणाले, "दादा, तो कायदा आता लागू व्हायला आलाय, बरं का."

"होऊ दे सावकाश," ते म्हणाले. "तू गाडी चालव."

गावात पोचलो तर तेच पत्र्याचं शेड, तीच बाज. मोठे काका त्यावर आडवे. दादा गाडी थांबायच्या आत दार उघडून धावले. या वयात त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. शेडाच्या तोंडाशी ते थांबले, धाप लागलेली. तिथून उठून गेल्यावर ते आज पहिल्यांदाच परत आले होते.

"भाऊ, काय झालं?"

काका निवांत उठून बसले. "कुठं काय? दर वेळी मीच येऊ का? म्हटलं बघावं, माझी बॅटरी आणून द्यायची अक्कल तुला हाय का नाय." मागं दाराआड मोठी आई तोंडाला पदर लावून हसत होती. तिचा मोठा फोन तिनं मुद्दाम बंद करून ठेवला होता.

दादांनी काकांना एक अशी शिवी दिली, की ती मी इथं लिहू शकत नाही. मग ते बाजेवर त्यांच्या शेजारी बसले. खिशाची गुंडी काढून त्यांनी बॅटरी बाहेर घेतली. काकांनी आपला फोन पुढं केला. त्याचं झाकण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.